हौसाबाईच्या देव्हाऱ्यातलं कार्ड

वहिनी, गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले आहे, हे आधीच सांगून टाकते. गेल्या पंधरवड्यात तुझ्याबद्दल लोक इतकं गोड बोलले, की हे नक्की कोणाबद्दल बोलतायत असं मला वाटायला लागलं. शांत होती म्हणे. सोशिक होती. तू आणि सोशिक! आमटीत मीठ जास्त झालं असं दादा एकदा बोलला, तर 'उद्या तुम्हीच करा' म्हणून पळी त्याच्या हातात देऊन तू अंगणात जाऊन बसली होतीस. मी तेव्हा दारात उभी राहून हसत होते, आणि मनातून जरा घाबरलेही होते, कारण नवऱ्याशी असं वागणारी बाई आमच्या घरात तोवर आलेली नव्हती.

दादाची बदली लवळ्याच्या शाळेत झाली तेव्हा शाळा लोकल बोर्डाची होती. आता ती जिल्हा परिषदेची झाली, पण पत्रे तेच आहेत आणि गळतातही तसेच. आपण नगरकडची माणसं. इकडचा भाताचा चिखल, टेकडीवरचा वारा, पिरंगुटच्या बाजूनं चढून येताना लागणारी धाप, यातलं काहीच आपल्या ओळखीचं नव्हतं. गावात ख्रिस्ती घर तुमचं एकटं. मी पुण्यात नर्स. रजा मिळाली की पौडच्या गाडीनं यायचं आणि तुझ्याशी भांडून परत जायचं, असा माझा नेम होता. भांडणाला विषयही बहुतेक एकच असायचा. तुझी ती नाताळची कार्डं.

ती कार्डं तू करायचीस कशी, ते मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. दिवाळीनंतर गावात भाताची झोडणी सुरू झाली, की तू दर घरी जायचीस आणि मूठभर काड मागायचीस. फुकट काड मागणारी मास्तरीणबाई! बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. प्रत्येक घराच्या काडाची जुडी तू वेगळी बांधायचीस आणि चिंधीला त्या घराचं नाव लिहायचीस. मग ते काड भिजत घालायचं, नखानं उभं चिरायचं, तांब्यात निखारे घालून त्याच्या बुडाखाली दाबून सपाट करायचं. काही काड्या जरा जास्त शेकल्या की तपकिरी व्हायच्या, त्यांची गव्हाण. पांढऱ्याचा तारा. शाळेतल्या जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर निळा घोटीव कागद चढवायचा आणि त्यावर चिंचोक्याच्या खळीनं हे सगळं चिकटवायचं. नाताळच्या आधी ज्याचं त्याचं काड परत त्याच्या घरी जायचं, पण आता त्यात प्रभूची गव्हाण असायची. एका घराचं काड दुसऱ्या घराच्या कार्डात जाऊ द्यायचं नाही, हा तुझा हट्ट. का, म्हणून मी विचारलं तर म्हणालीस, 'अगं, प्रभू त्यांच्याच गोठ्यात जन्मला असं वाटायला नको का त्यांना?'

पहिल्या वर्षी मात्र फजिती झाली. कार्ड म्हटलं की गावाला पोस्टाचं ठाऊक, आणि पोस्टाचं कार्ड बहुधा कोणीतरी गेल्याचंच येणार. तू हौसाबाईच्या दारात जाऊन हसत कार्ड पुढे केलंस आणि तिनं दोन पावलं मागं सरून विचारलं, 'कोण गेलं?' तू म्हणालीस, 'कोणी गेलं नाही, जन्मलंय.' तेव्हा कुठं तिनं हात पुढे केला. वर आत ओरडून सांगितलं, 'अगं, मास्तरीणबाईच्या माहेरी पोरगा झाला!' तू तिला समजावून सांगितलंस म्हणे, बराच वेळ. तिला किती समजलं देव जाणे.

हौसाबाईचं घर तुमच्या शेजारचं, बांधाला बांध. सरळ, भांडखोर, मनात आलं ते बोलून मोकळी होणारी बाई. तुमचं दोघींचं जमलं ते स्वभाव सारखे म्हणूनच. पण तुमच्या मैत्रीची हद्द ओसरीपर्यंत होती, हेही लिहायलाच हवं. ख्रिस्ती मास्तर म्हणजे मूळचे कोण, हे गावाला विचारावं लागत नाही, गाव ते ओळखून असतं. तू तिच्याकडे गेलीस की ओसरीवर बसायचीस, पाणी तुला वरून ओतून मिळायचं. ते पिताना तू ओंजळ अशी धरायचीस की एक थेंब सांडायचा नाही. मला ते बघवत नसे. मी त्या घरी पाणी प्यायचंच सोडलं. तू म्हणायचीस, 'तहान लागल्यावर मान बघायचा नसतो.' यावर मला बोलता यायचं नाही, आणि मला बोलता आलं नाही की मी आणखी चिडते, हे तुला चांगलं माहीत होतं.

पहिल्या कार्डांवर तू गव्हाणीत बाळ काढलं होतंस, पेन्सिलीनं, गोल चेहऱ्याचं, थेट तुझ्या लेकीसारखं, आपल्या निर्मलासारखं दिसणारं. मी तेव्हाच म्हटलं, वहिनी, या लोकांना प्रभूचा चेहरा काढून देऊ नकोस, ते त्याला हात जोडतील. तू विचार केलास आणि पुढच्या वर्षी बाळाच्या जागी एक दाणा चिकटवलास. साळीचा, टरफलासकट, ज्याच्या त्याच्या शेतातला. मला ते पटलं. दिसायलाही सुरेख होतं, हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आता दाखवते. फार सुरेख होतं.

पण दाणा! शेतकऱ्याच्या घरी दाणा पायदळी येऊ देत नाहीत. नव्या भाताचा पहिला दाणा देवापुढे ठेवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. कार्ड जमिनीवर ठेवता येईना, फेकता येईना, खुंटीला लावलं तर झाडूचा धक्का लागेल. मग ते कुठं जाणार? हौसाबाईनं ते देव्हाऱ्यात ठेवलं. त्याच थंडीत तिच्या धाकट्या मुलीला ताप भरला. मी रजेवर होते म्हणून गोळ्या मी दिल्या, पट्ट्या मी ठेवल्या, तापमान मी बघत बसले. हौसाबाईनं पोरीच्या उशाखाली तुझं कार्ड ठेवलं. ताप उतरला, आणि फूल गेलं कार्डाला! दुसऱ्या दिवशी त्या दाण्यावर हळदीकुंकू होतं. मी संतापून तुझ्याकडे आले, आणि तू पोट धरून हसत सुटलीस. 'शालू, दाणा तुझ्यामुळेच आला हं,' म्हणालीस. मग हसू थांबल्यावर म्हणालीस, 'माझा प्रभू तिच्या देवघरात जाऊन बसला. मी अजून ओसरीवरच आहे.'

त्या वाक्याचं काय करायचं ते मला तेव्हाही कळलं नाही. आजही कळत नाही.

मी काय म्हणत होते ते पुन्हा सांगते, कारण ते तू शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं नाहीस. आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. गावानं त्यांचं पाणी तोडलं. आजी लांबच्या ओढ्यावरून घागरी आणायची, तिची कंबर त्यात गेली ती गेलीच. जो टिळा, जे फूल सोडण्यासाठी त्या दोघांनी एवढं सोसलं, ते त्यांच्या नातसुनेनं दुसऱ्यांच्या देव्हाऱ्यात आपल्या हातानं भरायचं? प्रभूला खंडोबाशेजारी बसवायचं? तू म्हणायचीस, 'मी कागद दिला, कुंकू त्यांचं.' ही पळवाट होती वहिनी. तुलाही ती पळवाट वाटत होती, नाहीतर तू हौसाबाईला समजावायला गेलीच नसतीस.

गेली होतीस ना? मी तुझ्याबरोबर होते. तू ओसरीवर बसून तिला सांगत होतीस, हा देव नाही, ही नुसती आमची शुभेच्छा आहे, याला फूल वाहायचं नाही, दिवा लावायचा नाही. ती 'व्हय, व्हय' म्हणत सुपात तांदूळ पाखडत होती. शेवटी म्हणाली, 'बाई, बाकीच्या देवास्नी निवद दाखवायचा आन तुमच्या देवाला तसाच उपाशी ठिवायचा? आमच्या घरात आसं न्हाई चालत.' घरी आल्यावर चुलीपुढे बसलीस. तू चूल पेटवायच्या आधी डोळे मिटून प्रार्थना करायचीस, रोज, सगळ्यांसमोर मोठ्यांदा. गाडी वेळेवर आली म्हणून आभार, दूध नासलं नाही म्हणून आभार. मी त्यावरून तुला चिडवायची. त्या दिवशी तू डोळे मिटलेस आणि तोंडातून आवाजच आला नाही. मग डोळे न उघडता मला विचारलंस, 'मी चुकतेय का गं?' मी म्हटलं, हो. तू मान हलवलीस आणि चूल पेटवलीस.

त्या वर्षी तू काड आणलंस, पण कार्डं केली नाहीस. नाताळ झाला, दोन-चार दिवस गेले, आणि हौसाबाई स्वतः आली. आत आली नाही, अंगणात उभी राहिली. 'काड नेलं आन देव न्हाई दिला. आमचं काय चुकलं, बाई?' गावानं तुमच्या घराला कधी वाळीत टाकलं नव्हतं, पण त्या दिवशी तिला वाटत होतं की तुम्ही तिला टाकलंत. तिचा चेहरा बघून तुझा निश्चय गेला तो गेलाच. भर जानेवारीत तू नाताळची कार्डं केलीस. मी तेव्हाही बोलले. बोलायला मला कधी कंटाळा आला नाही.

पुढं जे झालं ते होणारच होतं. आपल्या पुण्याच्या चर्चचे पाळकसाहेब घरप्रार्थनेसाठी लवळ्याला आले. प्रार्थना संपली, तू चहा टाकलास, एवढ्यात हौसाबाई हातात तबक घेऊन आली. तबकात तुझं कार्ड, दाण्यावर कुंकवाचा थर, कडेनं झेंडू, उदबत्ती. तिच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं. 'सायेब, तुमचा देव बगा कसा ठिवलाय. एक दीस दिवा चुकू दिला न्हाई.' तिला शाबासकी हवी होती. आपल्या लेकराला सांभाळणाऱ्या बाईचं जसं आपण कौतुक करतो, तसं साहेब करतील अशी तिची खात्री होती. पाळकसाहेबांचा चहा बशीत तसाच राहिला. ते तिला काही बोलले नाहीत. तुझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, 'एस्तेरबाई, हे आपण केलंत?' आणि तू म्हणालीस, 'हो.'

पाळकसाहेब वाईट माणूस नाही. मला त्यांचं सगळं पटत होतं, तुझ्यापेक्षा जास्त. चर्चच्या मंडळीचे पंच बसले, ठरलं. तुला प्रभुभोजनापासून, त्या भाकरीपासून आणि प्याल्यापासून, दूर ठेवायचं. मंडळीपुढे उभं राहून माफी मागितलीस आणि पुन्हा असं करणार नाही म्हणालीस, की प्रभूचं मेज तुला मोकळं. एक वाक्य. तेवढंच मागत होते ते.

तू उपासनेला येणं सोडशील असं मला वाटलं होतं. तू सोडलं नाहीस. महिन्याच्या महिन्याला लवळ्याहून उतरून, गाडी पकडून, पुण्याला यायचीस आणि मागच्या बाकावर बसायचीस. मी तुझ्या शेजारी. गायन तू सगळ्यांपेक्षा मोठ्यांदा म्हणायचीस, सुरात नसलं तरी. मग भाकरीचं ताट बाकाबाकावरून सरकत यायचं. तुझ्या हातात यायचं आधी, मग माझ्या. तू ते दोन्ही हातांनी घ्यायचीस, क्षणभर बघायचीस, आणि माझ्यापुढे धरायचीस. माझ्या आयुष्यात मी तेवढ्या जड मनानं भाकर कधी घेतली नाही. दर वेळी मी तुझ्या कानात पुटपुटायची, 'बोलून टाक ना गं एक वाक्य. मनात काय ते तुझं तुझ्याजवळ.' एकदा तू बाहेर आल्यावर मला भर रस्त्यात थांबवून म्हणालीस, 'खोटं बोलून मिळवलेली भाकर तू खाशील का?' कार्डं चालूच राहिली.

मला मात्र तू दाण्याचं कार्ड कधी दिलं नाहीस. माझ्या कार्डात नुसती गव्हाण आणि काड. 'तुला पाप लागायला नको,' म्हणायचीस आणि डोळे मिचकवायचीस. ती सगळी माझ्या पेटीत आहेत. माझं ठरलेलं लग्न मोडलं त्या वर्षीचं जरा मोठं आहे. त्या वर्षी सगळ्यांनी मला समजावलं, कोणी शास्त्रातली वचनं सांगितली, कोणी दुसरी स्थळं. तू काही सांगितलं नाहीस. पुण्याला माझ्या खोलीवर येऊन राहिलीस, माझे पांढरे युनिफॉर्म धुतलेस, इस्त्री केलेस, आणि भांडायला विषय काढलेस. त्याबद्दल मी तुझे आभार मानायचे राहिले. आपल्यात तशी पद्धत नव्हती, तरी मानायला हवे होते.

मग पोटातली गाठ आली. मी नर्स असून मला ती उशिरा कळली, कारण तू सांगितलंच नाहीस. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं तेव्हा मी बिनपगारी रजा टाकली आणि लवळ्याला आले. भाताची झोडणी चालू होती. या वर्षी तू काड मागायला गेली नाहीस. हौसाबाई येऊ लागली. आधी दारात बसायची, मग खाटेशी. एक दिवस मी पाणी आणायला गेले होते, परत आले तर ती आपल्या घरच्या तपेलीतली पेज आपल्या हातानं तुला भरवत होती आणि तुझ्या हनुवटीवर ओघळलेली आपल्या पदरानं पुसत होती. इतकी वर्षं वरून पाणी ओतणारी बाई! मी पाहिलं हे तिनं पाहिलं, आणि जरा रागानंच म्हणाली, 'काय बगता? गार हुईल ना.'

पाळकसाहेब आले ते त्याच दिवसांत. टेकडी चढून, पायी, त्या वयात. त्यांच्या पेटीत पावाचे तुकडे होते आणि छोटा प्याला होता. तुला मेजावर परत घ्यायला ते आले होते, वहिनी, तू तशीच जाऊ नयेस म्हणून. मी त्यांच्यासाठी सतरंजी घातली. मला तुझ्यासाठी ती भाकर हवी होती. एवढं मी कधीच काही मागितलं नव्हतं देवाकडे. ते खाटेशी बसले आणि अगदी हळू म्हणाले, 'एस्तेरबाई, मंडळीत कोणाला सांगायची गरज नाही. मला सांगा. झालं त्याचा पश्चात्ताप आहे ना?'

तू डोळे उघडलेस. दाराशी हौसाबाई बसली होती, तिच्याकडे बघितलंस. म्हणालीस, 'तिला आत बोलवा. तिलाही द्या.'

साहेब म्हणाले, 'बाप्तिस्मा झाला नाही त्याला कसं देणार? तुम्हाला माहीत आहे.'

'मग राहू द्या,' तू म्हणालीस. 'मीही दाराशीच बरी.'

साहेबांचे डोळे भरले. हौसाबाईला वाटलं, पाहुणे लांबून खाऊ घेऊन आलेत आणि तू नको म्हणतेयस. ती पुढे सरकली आणि तिनं दटावलंच तुला, 'घ्या की बाई! पाव्हणं एवढं टेकाड चढून आल्यात. दोन घास पोटात गेलं तर काय बिघाडतंय? मी का रोज पेज आणती ती उगंच व्हय?' आणि तू आवाज न करता हसलीस. मी तुला मागून उठवून धरलं होतं; अंगात जीव नव्हता, तरी तुझी मान हलली, खांदे हलले, मग खोकला आला. साहेबांनी पेटी मिटली. पुढच्या आठवड्यात तू गेलीस.

मंडळीच्या दफनभूमीत तुला जागा मिळाली, त्यात साहेबांनी जराही आडकाठी आणली नाही. हे त्यांचं मला विसरता येणार नाही. मग ते दादाला भेटले. म्हणाले, 'मास्तर, शेवटी तिनं मान हलवली. मी पाहिलं. मी विचारलं होतं आणि तिनं मान हलवली. रविवारच्या उपासनेत मी तसं सांगतो, म्हणजे तिचं नाव पुन्हा मंडळीच्या पटावर येईल. शालिनीबाई तिथंच होत्या. त्यांनी उभं राहून फक्त हो म्हणावं.' दादाचे डोळे पाण्यानं भरून आले. निर्मलाचं लग्न त्याच मंडळीत ठरायचं आहे, तेही त्याच्या मनात असणार, आणि का असू नये? त्यानं माझा हात धरला. आमच्या लहानपणानंतर त्यानं माझा हात कधी धरला नव्हता.

वहिनी, मला हेच तर हवं होतं. तू चुकलीस आणि तुला ते शेवटी कळलं, हे भर मंडळीपुढे मी सांगायचं. इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकायचं, आणि तुला मेजावर जागाही मिळायची. 'हो' म्हणायला किती वेळ लागतो? शनिवारभर मी तो शब्द तोंडात घोळवत होते. साहेब खोटं बोलत नव्हते. त्यांनी मान हललेली पाहिली होती. ती कशानं हलली ते फक्त मला ठाऊक होतं, कारण तुला मागून मी धरलं होतं.

गेल्या रविवारी साहेबांनी तुझं नाव घेतलं. चांगलं बोलले. मग माझ्याकडे पाहिलं. मी उभी राहिले. दादा पुढच्या बाकावर होता, त्याची पाठ मला दिसत होती, ताठ. मी म्हटलं, 'माझ्या वहिनीनं पश्चात्ताप केला नाही. तिची मान हलली ती हसण्यानं. हौसाबाईचं बोलणं ऐकून तिला हसू आलं. तिनं भाकर मागितली होती, पण दोघींसाठी मागितली.' एवढं बोलून मी बसले. बाजाच्या पेटीवर बसलेल्या बाईंनी सूर धरायला हवा होता, त्या विसरल्या. नंतर ताट आलं. आता ते माझ्याकडे धरायला शेजारी कोणी नव्हतं, पलीकडच्या माणसाला हात लांबवावा लागला. मी भाकर घेतली. मला ती नको झालेली नाही वहिनी, आणि तुझ्यासाठी मी ती सोडणारही नाही.

बाहेर पाळकसाहेब माझ्याजवळ आले. रागावले नव्हते, थकले होते. म्हणाले, 'बाई, एका शब्दाचा प्रश्न होता.' मी म्हटलं, 'साहेब, तेवढ्यासाठीच ती इतकी वर्षं मागच्या बाकावर बसली.'

दादा गाडीत दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. उतरल्यावर म्हणाला, 'ती आत येत होती. तू तिला बाहेर ठेवलंस.' खरं आहे त्याचं. पटावर तुझं नाव नाही आणि ते मी माझ्या तोंडानं होऊ दिलं. दोन दिवस मला झोप नाही. तू चुकलीस असं मला अजूनही वाटतं. कुंकवाबद्दल, दाण्याबद्दल, त्या दोन घासांबद्दलही. वर भेटलीस तर आधी हेच काढणार आहे, तेव्हा तयारीत राहा. पण तू न बोललेलं वाक्य तुझ्या तोंडात मला घालता आलं नाही गं. तू मला हरवलं असतंस तर चाललं असतं. मेलेल्या तुला मी कशी हरवू?